चित्रं यायची सिंहगडावरून

आत्या, तेव्हा टीव्ही दिवसाचा बहुतेक वेळ बंद असायचा, हे आता मुलांना सांगून खरं वाटत नाही. लाकडी खोकं, दोन्ही बाजूंनी सरकत येणारं शटर, त्याला छोटं कुलूप, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. संध्याकाळी शटर उघडायचं, रात्री मिटायचं. मधला सगळा दिवस आपला. काल पाहिलेलं आठवायला आणि आज काय दिसेल ते मनाशी रचायला. माझं बालपण त्या मिटलेल्या शटरपुढे घडलं. पडद्यावर पाहिलं ते थोडंच होतं. त्यावरून जे जे व्हावंसं वाटलं ते पुष्कळ होतं, आणि त्यातलं एकूण एक तुला ठाऊक होतं.

वाड्यात टीव्ही एकच, मालकांच्या माडीवर. ब्लॅक अँड व्हाइट. पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागे आणि मालक ते रेडिओच्या लायसन्सशेजारी जपून ठेवत. पडद्यापुढे सतरंजी. मुलांनी पुढे बसायचं, बायकांनी भिंतीला टेकायचं, पुरुषांनी दारात उभं राहायचं आणि आपण सहज डोकावलो आहोत असं दाखवत शेवटपर्यंत थांबायचं. वारं सुटलं किंवा अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी गच्चीवर धावायचं आणि गच्चीपासून माडीपर्यंत आवाजांची साखळी लागायची. "आलं का?" "नाही!" "आता?" "थोडं मागे... आलं, आलं, राहू दे!" आमच्या अँटेनाचं तोंड नैर्ऋत्येला होतं, सिंहगडाकडे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. वरळीत कॅमेऱ्यासमोर माणूस बोलायचा, ते घाट चढून गडावर यायचं आणि गडावरून आमच्या गच्चीवर उतरायचं. हे मला तू समजावलंस. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर होतीस. आवाज एका गावाहून दुसऱ्या गावाला कसा जातो, हे घरात तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. "ही लहर सरळ जाते," तू म्हणायचीस. "समोर डोंगर आला की अडते. म्हणून डोंगराच्या माथ्यावरच मनोरा बांधायचा. मग जिथून मनोरा दिसतो, तिथं चित्र दिसतं." त्यानंतर कितीतरी दिवस मी गच्चीवर उभी राहून गड शोधायची. हवा स्वच्छ असली की दूर निळसर माथ्यावर एक बारीक रेघ दिसायची. तिथून संध्याकाळ येते, असं मी मनात पक्कं केलं होतं.

रविवारी 'साप्ताहिकी' लागायची. येत्या आठवड्यात काय दिसणार, एवढंच सांगणारा कार्यक्रम. आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसायचो. गुरुवारी 'छायागीत', शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. 'किलबिल' आमचं, 'गजरा' मोठ्यांचा, 'कामगार विश्व' कामगारांचं, 'आमची माती, आमची माणसं' शेतकऱ्यांचं, अशी वाटणी होती. बघायचे मात्र सगळे सगळंच. शनिवार पेठेत ना कुणाचं शेत होतं ना कुणाची विहीर, पण वाड्यातल्या प्रत्येक मुलाला उसावर कोणती कीड पडते आणि तिच्यावर काय फवारायचं ते पाठ होतं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ वाड्यात इतके आपले झाले होते की आजी त्यांच्याबद्दल नात्यातल्या माणसांसारखी बोलायची. एका वेळी एकच गोष्ट साऱ्यांनी पाहिलेली असायची. सकाळी नळावर, दुपारी जिन्यात, शाळेच्या रांगेत तीच पुन्हा सांगितली जायची, आणि सांगणारा बदलला की थोडी बदलायची. त्या सांगण्यातून ती आमची व्हायची.

तू मात्र एकाच गोष्टीसाठी माडीवर यायचीस. मराठी बातम्यांसाठी. ड्यूटी संपवून आलेली असलीस तरी खांद्यावरची पिशवी न काढता दारात उभी राहायचीस आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचीस. बातम्या ऐकणारे बाकीचे लोक भाववाढीवर, मंत्रिमंडळावर बोलत. तुझं लक्ष दुसरीकडेच असे. "भिड्यांचं जोडाक्षर ऐक," तू हळूच म्हणायचीस. "श्वास कुठे घेतात ते कळतं का बघ. कळत नाही, हीच तर कला." प्रदीप भिड्यांनी एखादं लांबलचक सरकारी वाक्य न धडपडता पार केलं की तुझ्या चेहऱ्यावर समाधान यायचं.

स्मिता पाटील आधी बातम्या वाचायची, हे मला तूच सांगितलंस. पुण्याचीच मुलगी, जीन्सवर साडी नेसायची आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन बसायची, कारण टेबलाखालचं कुणाला दिसत नाही. हे सांगताना तुझे डोळे चमकायचे. भक्ती बर्वेही आधी दूरदर्शनवर होत्या, 'ती फुलराणी'तली मंजुळा नंतरची. या बायकांची नावं तुझ्या तोंडी वरचेवर असायची आणि तू त्यांचा उल्लेख कधी नट्या म्हणून केला नाहीस. 'बातम्या वाचायच्या', एवढीच ओळख तुला पुरेशी होती. १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली, अवघी एकतीस वर्षांची. त्या रात्री तू जेवली नाहीस. घरातल्यांना वाटलं, सिनेमातली आवडती नटी गेली म्हणून. कारण ते नव्हतं, आणि तोवर खरं कारण मला ठाऊक झालं होतं.

पण त्याआधी सहली सांगायला हव्यात.

आमच्या घरात सहलीला फार पैसे नव्हते आणि तुझ्याकडे सुट्ट्याही फार नव्हत्या. पण तुझी साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीनं येई आणि कधी ती आमच्या रविवाराला गाठ घाली. मग तू आम्हा भावंडांना घेऊन बाहेर पडायचीस. पेशवे पार्क, सारसबाग, पर्वती, केळकर संग्रहालय, एम्प्रेस गार्डन. पीएमटीच्या बसमध्ये खिडकी मिळावी म्हणून धक्काबुक्की, डब्यात पोळीचा रोल आणि गुळांबा, पाण्याची एक मोठी बाटली सगळ्यांत मिळून. पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावत होती. छोटं इंजिन, छोटे डबे, झाडांतून जाणारी वाट. पहिल्यांदा तिच्यात बसून उतरले तेव्हा मी जाहीर केलं की मी मोठेपणी फुलराणीची ड्रायव्हर होणार.

सगळे हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "मग ती कुठे कुठे वळते ते सांग." मला सांगता येईना. तू पुन्हा तिकीट काढलंस, फक्त माझं. मी डोळे ताणून एकेक वळण लक्षात ठेवलं आणि घरी येऊन पाटीवर काढून दाखवलं. तू पाटी निरखून पाहिलीस आणि म्हणालीस, "आता चालवता येईल."

तुझी रीतच ती. आम्ही काही व्हायचं म्हटलं की तू त्याला शाबासकी द्यायची नाहीस आणि टरही उडवायची नाहीस. तू काम द्यायचीस. मला कंडक्टर व्हायचं होतं, तिकिटं ठेवायची पत्र्याची पेटी आणि तो टिकटिक वाजणारा पंच हवा होता म्हणून. तू तुझ्या पर्समधली सगळी चिल्लर ओतलीस आणि डोळे मिटून नाणी ओळखायला लावलीस, कारण कंडक्टरला गर्दीत बघायला वेळ नसतो. धाकट्या भावाला माहूत व्हायचं होतं. तू त्याला हत्ती दिवसाला किती खातो हे शोधून काढायला सांगितलंस. एकदा डेक्कन क्वीननं मुंबईला नेलंस. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि वरळीचं नेहरू तारांगण, सगळं एका दिवसात. तारांगणात दिवे मालवले आणि घुमटावर आकाश उगवलं तेव्हा मी तुझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर तू रस्त्यात थांबून दूरदर्शनच्या उंच मनोऱ्याकडे पाहत राहिलीस. आम्हाला भूक लागली होती, आम्ही तुझा पदर ओढत होतो. तू म्हणालीस, "थांबा रे थोडं." त्या दिवशी तू आमच्याकडे स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून अवकाशात गेले. दोन दिवसांनी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एकीकडे इंदिरा गांधी, दुसरीकडे अंतराळातली ती तरंगणारी माणसं. वरून आपला देश कसा दिसतो, हा प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्या देशानं ऐकलं. रात्री मी तुझ्या अंथरुणात शिरून सांगितलं की मला अंतराळात जायचं आहे. तू अंधारात थोडा वेळ गप्प राहिलीस. मग म्हणालीस, "तुला विचारलं, तर तू काय सांगशील? आधी ठरवून ठेव. ट्रंक कॉलला तीन मिनिटं असतात, वरून तेवढीही मिळायची नाहीत. एका वाक्यात सांग." मी कितीतरी रात्री ते वाक्य रचत होते. सकाळी तुला ऐकवायची, तू एखादा शब्द काढायला लावायचीस. भाषा म्हणजे काय, हे मला शाळेच्या आधी तू शिकवलंस. वाया घालवायला वेळ नसलेल्या माणसाची भाषा.

दोन वर्षांनी हॅलेचा धूमकेतू आला. मार्चची पहाट. तू रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल, आणि तशीच आम्हाला उठवून पर्वतीला घेऊन गेलीस. एकशेतीन पायऱ्या अंधारात चढलो. क्षितिजाच्या बाजूला तू बोट दाखवलंस. तिथं एक पुसट ठिपका होता, चित्रातल्यासारखी लांब शेपटी नव्हती. आमची निराशा तुझ्या लक्षात आली. "हा परत यायला पंचाहत्तर-शहात्तर वर्षं लागतात," तू म्हणालीस. "२०६१ ला येईल. तेव्हा मी नसेन. तुम्ही बघा, आणि आज कसा दिसला होता ते तेव्हाच्या पोरांना सांगा." त्या वेळी मला २०६१ पेक्षा तुझं 'मी नसेन' जास्त अशक्य वाटलं होतं.

सिंहगडावर मात्र आपण दरवर्षी जायचो, पाऊस ओसरता ओसरता. स्वारगेटहून बस, मग आतकरवाडीची वाट, दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं, मध्येच ताक विकणाऱ्या बायका. वर पोचलं की आधी तानाजीच्या समाधीला नमस्कार, मग देवटाक्याचं गार पाणी, मग पिठलं-भाकरी, ठेचा आणि छोट्या मडक्यातलं घट्ट दही. बाबा टिळकांच्या बंगल्यापाशी उभे राहून इतिहास सांगायचे. मला इतिहास नको असायचा. मला मनोरा बघायचा असायचा. कुंपणाच्या आत जायला बंदी होती. मी तारेला नाक लावून उभी राहायची आणि वर, आणखी वर पाहायची. आमच्या माडीवरच्या सगळ्या संध्याकाळी इथून निघतात. इथं रात्री काम करणारा माणूस व्हायचं, असं त्या वर्षी मी ठरवलं होतं. सगळं पुणं बघत असताना जो एकटा जागा राहून चित्र नीट जातंय ना हे पाहतो तो.

तिथंच ते झालं. भजी खाऊन झाली होती. भज्यांचा वर्तमानपत्राचा कागद तेलानं पारदर्शक झाला होता. तू तो चुरगळणार होतीस, मग थांबलीस, गुडघ्यावर पसरून नीट केलास, पदर सारखा केलास आणि पाठ ताठ करून बसलीस. "नमस्कार," तू म्हणालीस, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. घरातला नव्हता, एक्स्चेंजमधलाही नव्हता. लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव, कुठल्या तरी पुलाचं काम, धरणातला पाणीसाठा. आपल्या पायाखाली खडकवासल्याचं पाणी चकाकत होतं आणि तू धरण भरल्याची बातमी देत होतीस. ऱ्हस्व ऱ्हस्व होतं, दीर्घ दीर्घ. 'ज्ञ' स्वच्छ होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तू डोळे उचलून आमच्याकडे बघत होतीस, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याकडेच बघितलं. कागद जिथं फाटला होता तिथं वाक्य तुटलं. तू जराही न अडखळता म्हणालीस, "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत." आम्ही टाळ्या पिटल्या. शेजारच्या दगडावर बसलेलं एक अनोळखी कुटुंबही टाळ्या वाजवू लागलं. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते दरीकडे पाहत होते.

उतरताना तू मागे राहिलीस आणि मीही तुझ्याबरोबर. मी विचारलं, तू लहानपणी काय होणार होतीस? आत्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. तू चालता चालता सांगितलंस. मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा तू नुकती बी. ए. झाली होतीस. मराठी घेऊन. वृत्तनिवेदिकेसाठी तू अर्ज लिहिला होतास, हस्ताक्षर सुधारून सुधारून. आजोबांनी तो वाचला आणि विचारलं, मुंबईत राहणार कुठे? रात्री उशिरा परत कशी जाणार? चार लोक रोज बघणार, उद्या स्थळं बघताना काय सांगायचं? घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. बाबा तेव्हा कॉलेजात होते, तेही गप्प बसले. अर्ज पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलाच नाही. वर्षभरात टेलिफोनची नोकरी लागली. पुढे तू वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्यास आणि त्यांना कुणी हरकत घेतली नाही. ती सरकारी नोकरी होती, आणि तिथं तुझा फक्त आवाज जात होता. तुझा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

हे तू तक्रारीच्या सुरात सांगितलं नाहीस. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं सांगितलंस, म्हणजे वेळ पडली तर मला सापडेल. "कुणाला सांगू नकोस," असंही म्हणाली नाहीस. तरी मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून आपल्या दोघींमध्ये एक देवघेव सुरू झाली. माझं सगळं तुझ्याकडे होतं, तुझं एक माझ्याकडे आलं.

एक्स्चेंजमधले तुझे शब्द मला आजही ऐकू येतात. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. सोलापूर लागत नाही, नागपूर लाइनवर आहे, बोला. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचे वडील गेलेले, कुणाला नोकरीचा होकार, हे सगळं तुझ्या हातांतल्या वायरींमधून जायचं, आणि ते शब्द तू घरात कधी आणले नाहीस. "तीन मिनिटं झाली," हे सांगणं तुझ्या फार जिवावर यायचं. रडणाऱ्या माणसाला वेळ संपल्याचं सांगताना आवाज कसा ठेवायचा, याचा तू विचार केला होतास. मग एसटीडी आलं, पिवळे बूथ उभे राहिले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. ट्रंक बोर्ड ओस पडत गेला. तुला चौकशीला बसवलं, १९७ वर. नंबर विचारणाऱ्यांना तू नंबर सांगायचीस, अंक सुटे सुटे करून, पुन्हा विचारायची वेळ कुणावर येणार नाही असे.

टीव्हीचंही असंच पसरत गेलं. 'रामायण' लागायचं तेव्हा रविवारची सकाळ रस्त्यांवर निर्जन व्हायची. मग 'महाभारत'. मग रंगीत टीव्ही प्रत्येक बिऱ्हाडात आला आणि माडीवरची सतरंजी गुंडाळली गेली. नव्वदच्या दशकात केबल आली, शटर असलेली खोकी भंगारात गेली, आणि पडदा दिवसाचे चोवीस तास उघडा राहू लागला. ज्याला जे हवं ते हवं तेव्हा मिळू लागलं, आणि त्यात पुष्कळ चांगलंही होतं. पण दोन दिसण्यांच्या मधली ती मोठी मोकळी जागा भरून गेली. त्या जागेत आम्ही ड्रायव्हर, कंडक्टर, माहूत, अंतराळवीर झालो होतो. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले. वाडा पडला, तिथं इमारत उभी राहिली. मार्च २०२२ पर्यंत देशभरातले दूरदर्शनचे जवळजवळ सगळे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले; मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे उरले. गच्चीवरच्या अँटेनाला पकडायला हवेत आता जवळजवळ काही उरलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये प्रदीप भिडे गेले. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "शेवटपर्यंत श्वास कळला नाही गं त्यांचा."

निवृत्तीनंतर तू अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागलीस. आधी कॅसेटवर, मग छोट्या रेकॉर्डरवर, मग मी दिलेल्या मोबाइलवर. इतिहास, नागरिकशास्त्र, बँकेच्या परीक्षांची जाडजूड पुस्तकं. दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन तू वाचायचीस. पान क्रमांक, प्रकरणाचं नाव, तळटीप, तक्ता असेल तर ओळीनं सगळे आकडे. एखादं जोडाक्षर घसरलं की सगळा परिच्छेद पुन्हा. तुझ्या आवाजावर शिकून नोकरीला लागलेली एक मुलगी पेढे घेऊन आली होती. तिनं दारातूनच तुला ओळखलं, तू फक्त "ये" म्हणाली होतीस.

तू गेलीस तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणाले, सगळं छान झालं हो तिचं. चांगली नोकरी, पेन्शन, भाचरांचं प्रेम, कुणाला त्रास नाही. ज्या एक-दोघांना तुझ्या वाचनाची आवड ठाऊक होती ते म्हणाले, अखेर तिची हौस भागली. माझ्या घशाशी आलं होतं, पण त्या दिवशी मी बोलले नाही. आता बोलते. भागली नाही. अंध मुलांसाठी वाचलंस ते मोठं काम होतं, आणि ते तू मनापासून केलंस. पण ते वेगळं होतं. तुला जे हवं होतं त्याच्या जागी ते ठेवून हिशेब पुरा करणं मला पटत नाही. हिशेब अपुरा आहे, आणि तो अपुरा म्हणूनच सांगायला हवा.

माणूस गेलं की आपण ते काय झालं तेवढं मोजतो. पदं, वर्षं, मुलं, घर. ते काय होऊ इच्छित होतं, हे कुठल्याच श्रद्धांजलीत येत नाही. पण माणसाचा किती मोठा भाग त्यात राहत असतो! मी शाळेत भूगोल शिकवते. वर्गात नकाशा लावून वाऱ्यांच्या दिशा सांगताना माझ्यात ती पाटीवर वळणं काढणारी मुलगी असते, अंतराळातून बोलायचं वाक्य घोटणारी असते, मनोऱ्याच्या तारेला नाक लावून उभी असलेली असते. त्या मुलींना ओळखणारी तू एकटी होतीस. आईबाबांना मी अभ्यास करणारी मुलगी म्हणून आठवते. मैत्रिणींना नंतरची आठवते. मी फुलराणीची ड्रायव्हर होणार होते याला साक्षीदार होता, तो आता नाही. शोक कशाचा, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तुझ्याबरोबर माझं सगळं न झालेलं आयुष्य गेलं.

आणि तुझं न झालेलं आयुष्य माझ्याकडे उरलं. ते माझ्याबरोबर जायला नको. म्हणून आज लिहून ठेवते, कुणी वाचो. माझ्या वर्गातल्या मुलींनाही मी आता विचारते, तुझी आई काय होणार होती? आजी काय होणार होती? मावशी? मुली आधी चक्रावतात. मग घरी जाऊन विचारतात आणि दुसऱ्या दिवशी लवकर येतात. कुणाची आजी विमान चालवणार होती. कुणाची आई कबड्डी खेळत राहणार होती. आम्ही ते फळ्यावर लिहितो, पूर्ण वाक्यात, कारण तू अर्ध्या वाक्यावर कधी समाधान मानलं नाहीस.

तुझं वाक्य मी इथं लिहिते. तुला वरळीच्या स्टुडिओत बसून मराठी बातम्या वाचायच्या होत्या. तुझी भाषा तयार होती, श्वास तयार होता, नजर उचलून समोरच्याला आपलंसं करण्याची हातोटी तुला उपजत होती. मी ऐकलं आहे, गडावर, माझ्या कानांनी. आत्या, तू त्या बातम्या फार चांगल्या वाचल्या असत्यास.